मदत हवी आहे: डॉक्टर नसताना डेंटल हायजिनिस्टनं काय करावं?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण कोल्हापुरात एका दातांच्या दवाखान्यात हायजिनिस्ट आहे. दोन वर्षांचा डिप्लोमा, नोंदणी, सगळं रीतसर. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात (डेंटिस्ट्स ॲक्ट) तिचं काम सरळ लिहिलंय: दातांवरचं किटण काढणं, सफाई, पॉलिश आणि दात कसे राखायचे ते शिकवणं. पण संध्याकाळी डॉक्टर निघून जातात आणि फोनवर सांगतात, "भुलीचं इंजेक्शन तूच दे." परवा एका आजींच्या हिरडीचं रक्त थांबेना. घरी आली तरी हिचे हात थरथरत होते. नाही म्हटलं तर नोकरी जायची भीती.

डॉक्टर हजर नसताना नुसती सफाई तरी करता येते का? आणि राज्य दंत परिषदेकडं लेखी विचारणा कशी करायची? कुणी केली असेल तर कृपया सांगा.