मुलकीला सर्फिंग: घरातल्या बाकीच्यांनी काय करायचं?

रावेरच्या_वहिनी
आम्ही रावेरचे, केळीवाले. दिवाळीनंतर मंगळूरजवळ मुलकीला जायचं ठरतंय. पुतण्याला सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत जाणं, शिकायचंय आणि माझी बारा वर्षांची मुलगीही हट्टाला पेटली आहे. सोबत सासूबाई आणि आबा. सासूबाई माळकरी, मुक्ताईच्या दर्शनाला दरसाल जातात, समुद्र अजून पाहिलेला नाही. आबा म्हणतात, तापीत पोहलेल्याला समुद्राची कसली भीती! मला मात्र पोरीची धास्ती वाटते. ज्यांना फळीवर उभं राहायचं नाही त्यांनी तिथे दिवसभर काय करायचं? आणि जेवणाचं काय?

भुसावळची_मावशी
वहिनी, माझा मुलगा तिथेच सर्फिंग शिकला, म्हणून आमचं जाणं होतं. आधी सासूबाईंचं सांगते, कारण अशा सहलीत म्हातारी माणसं खोलीत बसून राहतात आणि ते मला फार लागतं.

तिथली सर्फिंग शिकवणारी सगळ्यात जुनी जागा म्हणजे कृष्णभक्तांचा आश्रम. 2004 साली सुरू झाला, जेवण शाकाहारी. त्यामुळे माळकरी माणसाला अवघड जात नाही. गावातच शांभवी नदीकाठी बप्पनाडूच्या देवीचं देऊळ आहे. बप्पा नावाच्या मुसलमान व्यापाऱ्याने ते बांधलं अशी कथा तिथले लोक आदराने सांगतात. एक दिवस उडुपीला काढा. तिथे कृष्णाचं दर्शन नऊ भोकांच्या झरोक्यातून घेतात. कृष्णभक्त संत कनकदासांना आत येऊ दिलं नाही, तेव्हा देवानेच त्यांच्याकडे तोंड फिरवलं, असं सांगतात. चोखोबांचे अभंग म्हणणाऱ्या बाईला यापुढे काही समजावावं लागणार नाही.

दुपारी नदी. कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी, मिळते, आणि उभं राहून वल्हवायची रुंद फळीही. दोन्ही काठांना खारफुटी, पाणी संथ. भरती चढत असताना निघालात तर पाणीच तुम्हाला वर नेतं आणि ओहोटीला परत आणतं. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून आदल्या दिवशी शिकवणाऱ्यांना विचारून ठेवा. आबांना कयाकमध्ये बसवाच, पण जीवरक्षक जाकीट घालूनच.

खाण्यात नीर डोसा (तांदळाचा पातळ डोसा), गोळीबजे (मैद्याची गोल भजी), आणि तुम्ही केळीवाले म्हणून खास सांगते, बन्स. पिकलेल्या केळ्याच्या गरात मैदा मळून फुगवून तळलेली गोडसर पुरी. पोरं दुसरं काही मागणार नाहीत. भात मात्र उकड्या तांदळाचा, जाड दाण्याचा. खोबऱ्याचा वास आपल्या माणसांना दोन दिवसांनी नकोसा होतो, तेव्हा शेंगदाण्याची चटणी डबा भरून न्या.

गाडी भुसावळहून मंगला एक्सप्रेस, थेट उडुपी. तिथून मुलकी रस्त्याने साधारण 30 किलोमीटर. कोकण रेल्वेच्या पावसाळी आणि एरवीच्या वेळा वेगळ्या असतात, तिकीट काढताना तेवढं बघा.

धुळेकर_दादा
ताई, मुलीचं मी सांगतो, मी शिकलोय. नवख्यांना खोल पाण्यात नेतच नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात, फुटून फेस झालेल्या लाटेवर शिकवतात. फळी वरून मऊ असते आणि दोरीने पायाला बांधलेली असते. तिला पोहता येत नसेल तर ते आधी सांगा, लपवू नका. वेळ सकाळचीच घ्या. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा वेड्यावाकड्या होतात. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा टी-शर्ट हवा, नाहीतर फळीवर घासून पोट सोलवटतं.

आता आबांसाठी, आणि हे हात जोडून सांगतो. तापीची ओढ एका दिशेला, ती त्यांना कळते. समुद्राचं तसं नाही. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या अरुंद वाटेने पुन्हा आत धावतं. त्या वाटेवर लाट फुटत नाही, म्हणून पाणी शांत दिसतं आणि नवा माणूस नेमका तिथेच उतरतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं, मग लाटांसोबत परत यायचं. मुलकीजवळच्या ससिहित्लूला नदी समुद्राला मिळते. जागा सुंदर आहे, 2016 साली तिथे इंडियन ओपन सर्फिंग स्पर्धा झाली. पण मुखाशी पाण्याला जबर ओढ असते. आबांना तिथे एकट्याने उतरू देऊ नका.

यावलवाला
उडुपीजवळच्या मालप्याहून बोटीने सेंट मेरी बेटावर जा. दगडाचे उभे बहुकोनी खांब आहेत, सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. आपल्या अजिंठ्याच्या काळ्या दगडाहूनही जुने. पावसाळ्यात बोटी बंद असतात, तुमच्या वेळी अडचण येऊ नये.

रावेरच्या_वहिनी
मावशी, दादा, दोघांचं वाचून दाखवलं. आबा जाकिटाला तयार झाले! सासूबाई विचारताहेत, लुगड्यावर पाण्यात पाय घातले तर चालतील का?

भुसावळची_मावशी
चालतील की! सुती लुगडं ओलं झालं की फार जड होतं, म्हणून पाणी घोट्याच्या वर येऊ देऊ नका आणि दोघींनी दोन्ही बाजूंनी हात धरा. लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकते, तेव्हा पहिल्यांदा तोल जातो. त्यांना हे आधीच सांगून ठेवा. आणि कोरडं लुगडं पिशवीत किनाऱ्यावरच ठेवा, खोलीवर नाही.