मदत हवी आहे: वाक्याचा शेवट मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही

अभिनयाच्या वर्गाची एकांकिका तीन आठवड्यांवर आलीय. सभागृह दीडशे खुर्च्यांचं, माईक नाही. तालमीला मैत्रीण शेवटच्या रांगेत बसली होती. ‘मी जाणार नाही’ मधलं ‘नाही’ तिला ऐकूच आलं नाही. मराठीत नकार शेवटी येतो, म्हणजे अर्थच उलटला!

आवाज चढवून पाहिला, दोन दिवसांत घसा बसला. डॉक्टरांनी तपासलं, घशात दोष नाही. रोज ओंकार आणि पोटातून श्वास घेण्याचा सराव चालू आहे. उभं राहून जमतं, पण चालता-वळताना श्वास आधीच संपतो. संवाद किंवा हालचाली आता बदलता येणार नाहीत.

अशा वेळी संहितेत श्वासाच्या जागा कशा ठरवता, आणि हालचालीसकट नेमका कोणता सराव करता?