चाचणी निगेटिव्ह आहे, पण सुई सुटलेली नाही: गरोदरपणात एचआयव्हीपासून बचाव कसा करावा?

प्रश्न

माझी वहिनी पाच महिन्यांची गरोदर आहे. ती आणि माझा भाऊ दोघेही काही वर्षांपासून हेरॉइनची इंजेक्शने घेतात. पहिल्या तपासणीत तिची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली, त्यामुळे घरातल्यांना वाटते की तो प्रश्न मिटला. भावाने मात्र स्वतःची चाचणी केलेलीच नाही. आईचे म्हणणे असे, की आठ-दहा दिवस तिला घराबाहेर जाऊ देऊ नये, म्हणजे थोडा त्रास होईल पण नशा सुटेल आणि बाळ सुखरूप राहील. प्रसूतितज्ज्ञांना तिने नशेबद्दल काहीही सांगितलेले नाही. रक्तदाब मोजताना बाही वर करावी लागेल म्हणून तिने मागची तपासणीही टाळली. अशा वेळी नेमके काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (प्रसूतितज्ज्ञ)

सर्वप्रथम आईंना थांबवा, ही कळकळीची विनंती आहे. ओपिऑइडची (हेरॉइनसारख्या अफूच्या वर्गातील द्रव्यांची) सवय असलेल्या गर्भवतीचे सेवन एकाएकी बंद केले, तर गर्भपाताचा किंवा अकाली प्रसूतीचा धोका संभवतो. शिवाय अशी सक्ती संपल्यावर बहुतेक जणी पुन्हा इंजेक्शनकडे वळतात, आणि मधल्या काळात शरीराची सहनशक्ती कमी झालेली असल्याने नेहमीचाच डोस जिवावर बेततो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत गर्भवतींसाठी नशामुक्तीच्या घाईऐवजी मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन यांवर आधारित नियमित उपचार सुचवले आहेत. या औषधांमुळे तलफ आटोक्यात राहते, सुई टोचण्याची गरज कमी होते आणि म्हणून एचआयव्हीचा धोकाही घटतो. बाळाला जन्मानंतर काही दिवस विथड्रॉवलचा (सवयीचे द्रव्य मिळेनासे झाल्यावर होणारा) त्रास होऊ शकतो, पण तो ओळखता येतो आणि त्यावर उपचार आहेत. बुप्रेनॉर्फिन मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नये: हेरॉइनचा अंमल उतरण्याआधी ते घेतल्यास तीव्र विथड्रॉवल उद्भवतो.

निगेटिव्ह अहवालाबद्दल सांगायचे, तर तो चाचणीच्या आधीच्या काळाविषयी बोलतो, पुढच्या महिन्यांची हमी देत नाही. अगदी ताजा संसर्ग रॅपिड चाचणीत दिसायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. गरोदरपणातच नव्याने संसर्ग झाला तर सुरुवातीला रक्तातील विषाणूंचे प्रमाण फार जास्त असते आणि बाळाला लागण होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे शेवटच्या तिमाहीत चाचणी पुन्हा करावीच, आणि सुई चालू असेल तर त्याआधीही करावी.

उत्तर २ (सुई-सिरिंज कार्यक्रमातील समुपदेशक)

आम्हाला वारंवार दिसणारी गोष्ट सांगते. चमच्यात पावडर विरघळवली जाते, कापसाच्या बोळ्यातून गाळली जाते आणि जोडप्यात बहुधा पुरुष आधी टोचून घेतो. मग त्याच सिरिंजने तो तिला टोचतो, कारण तिला स्वतःला शीर सापडत नाही. सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात विषाणू काही आठवडे टिकू शकतो. फक्त सुई वेगळी वापरून भागत नाही, कारण चमचा, कापूस आणि पाणी सामायिक राहिले तर, विशेषतः हिपॅटायटिस सी चा, धोका कायम राहतो. वहिनींना दर वेळी नवी सिरिंज आणि स्वतःचे वेगळे साहित्य मिळेल अशी सोय लावा. नशा सोडायला ती अजून तयार नसली, तरी ही मदत तिला मिळालीच पाहिजे. तपासणी टाळण्यामागची तिची भीती खरी आहे, म्हणून पहिल्या भेटीला तिच्यासोबत तुम्ही जा, आणि काय सांगायचे, किती सांगायचे, हे तिला ठरवू द्या.

प्रश्नकर्ती

आपले आभार. आईशी आजच बोलले. भाऊ चाचणीला तयार नाही. बचावाची गोळी गरोदरपणात चालते का?

उत्तर ३ (एचआयव्ही उपचार केंद्रातील वैद्य)

चालते. प्रेपच्या, म्हणजे संसर्ग होण्याआधीच घ्यायच्या बचावाच्या गोळीत टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही औषधे असतात. गर्भवती व स्तनदा मातांमध्ये, विशेषतः टेनोफोव्हिरचा, बराच अनुभव गाठीशी आहे, कारण एचआयव्हीच्या उपचारात ते वर्षानुवर्षे वापरले जाते. बँकॉकमध्ये इंजेक्शन घेणाऱ्यांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टेनोफोव्हिरच्या रोजच्या गोळीने नवे संसर्ग ४८.९ टक्क्यांनी कमी झाले, आणि ज्यांनी गोळी नियमित घेतली त्यांना अधिक लाभ झाला. पुरेसे संरक्षण मिळायला सुमारे तीन आठवडे लागतात असे धरून चालावे. सुरू करण्यापूर्वी एचआयव्ही, मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस बी यांची तपासणी आवश्यक आहे. हिपॅटायटिस बी असताना गोळी अचानक बंद केल्यास यकृताचा आजार उफाळू शकतो. गोळी हिपॅटायटिस सी पासून वाचवत नाही, त्यामुळे नव्या सिरिंजला ती पर्याय नाही. नुकतीच दुसऱ्याची सुई वापरली गेली असेल, तर ७२ तासांच्या आत पेप (धोक्याचा प्रसंग घडल्यानंतर संसर्ग टाळण्यासाठीचे औषध) सुरू करता येते, आणि ते २८ दिवस घ्यावे लागते.

भाऊ तयार होईपर्यंत निरोध वापरावा. त्याला संसर्ग असल्याचे निघाले आणि उपचारांनी त्याचा व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) मोजता न येण्याइतका खाली गेला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. सामायिक सुईबाबत मात्र तसे ठामपणे म्हणता येत नाही.

पुढे वहिनींची चाचणी पॉझिटिव्ह आलीच, तर त्याच दिवशी एआरटी (एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी औषधे) सुरू करता येते. काहीही उपचार न केल्यास बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, ते वेळेवर उपचारांनी ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. मेथाडोन चालू असल्यास ते एआरटीच्या डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण एआरटीतील एफाव्हिरेंझ आणि नेव्हिरापीन या औषधांमुळे रक्तातील मेथाडोन घटते, रुग्णाला विथड्रॉवल जाणवू लागतो आणि ती एचआयव्हीची गोळीच सोडून देते. एआरटीतीलच डोल्युटेग्राव्हिर या औषधाबाबत ही अडचण नाही. प्रसूतीनंतरही सुई चालू राहिली, तर बाळ अंगावर पीत असेपर्यंत चाचण्या आणि प्रेप दोन्ही चालू ठेवावे.