ॲडलेडजवळ शेताच्या तारेवर बसलेला छोटा पोपट, ओळखा बरं

माळरान_लातूर: भावानं ॲडलेडहून फोटो पाठवलाय. आपल्या पोपटाच्या निम्माच असंल, अंग मेंदीच्या पाल्यासारखं हिरवट, पोट पिवळं, कपाळावर निळी पट्टी. जोडी रस्त्याकडच्या गवतात उतरून बिया खायली होती म्हणे, गाडी थांबवली तरी उडाली नाही. मी म्हणलं आपल्याकडचे पिंजऱ्यातले लव्हबर्ड असतील, तो म्हणायलाय हे वेगळे. कोणाला कळतंय का?

परभणीकर: भाऊ बरोबर बोलायलाय. पिंजऱ्यातले म्हणजे बजरीगर, त्यांच्या पाठीवर काळ्या-पिवळ्या बारीक रेघा असतात आन जनुकं बघितली तर ते लोरीच्या, म्हणजे फुलातला मध चाटणाऱ्या पोपटांच्या जवळचे. हा निओफेमा वंशातला दिसतो, तिकडं ग्रास पॅरट म्हणतात. जाती सहा. लाल छातीचा आतल्या कोरड्या भागात राहतो, टर्क्वॉइज पूर्वेकडं, रॉक पॅरट समुद्राचा काठ सोडत नाही, आन ऑरेंज-बेलीड तर इतके कमी उरलेत की तो असा सहज तारेवर दिसणं अवघड. राहिले एलिगंट आन ब्लू-विंग्ड, खरी मारामारी ह्या दोघांतच.

गोदाकाठ: महिना कोणता? ब्लू-विंग्ड बरेचसे खालच्या टास्मानिया बेटावर अंडी घालतात आन तिकडच्या थंडीत मधली बासची सामुद्रधुनी ओलांडून वर ऑस्ट्रेलियात येतात, इतकासा जीव पण समुद्र पार करतो! एलिगंट मात्र तिथं बारा महिने असतो.

माळरान_लातूर: जुलै.

परभणीकर: जुलै म्हणजे तिकडं थंडी, दोन्ही असू शकतात 😅 पोटावर नारिंगी डाग दिसला तरी त्यावर जाऊ नका, तो दोघांतही निघतो. ब्लू-विंग्डच्या पंखावर गडद निळा मोठा पट्टा असतो, एलिगंटला नुसती निळी कडा, पण बसल्यावर कुशीची पिसं पंखावर येतात आन सगळं झाकून जातं. म्हणून कपाळ झूम करा. पट्टी डोळ्याशीच थांबली तर ब्लू-विंग्ड, डोळ्याच्या जरा मागं गेली आन वरून फिकट निळी किनार असली तर एलिगंट.

बीड_पक्षीमित्र: इथं पाळायला मिळंल का हो?

गोदाकाठ: साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत हे, म्हणजे २०२४ च्या नियमानं सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नसंल तर दुकानदाराच्या गोड बोलण्यात येऊ नका. आन आपला साधा पोपट तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं पाळताच येत नाही, तरी गल्लोगल्ली पिंजरे हायेतच.

माळरान_लातूर: झूम केलं, पट्टी डोळ्याच्या मागं जातेय आन वर फिकट रेघ पण हाय.

परभणीकर: मग एलिगंटच, लावा नाव. पट्टी एवढी ठळक म्हणजे वयात आलेला हाय, पिल्लांना ती जवळजवळ नसतेच. दुसऱ्याचा पण फोटो असंल तर टाका, मादी फिकी असते.