कॅन्युला 72 तासांनी बदलायचीच का? अभ्यास एक सांगतो, वॉर्डात दुसरंच चालतं

स्टाफनर्स_सांगली:
50 खाटांचं खासगी हॉस्पिटल. नियम असा की 72 तास झाले की साइट (टोचलेली जागा) चांगली असली तरी कॅन्युला, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवलेली नळी, काढून दुसऱ्या हातात टोचायची. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला 2012 चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास वाचला. 3283 पेशंट, ठरल्या वेळी बदलली त्यांच्यात फ्लेबायटिस (शिरेला सूज) 7 टक्के, गरज पडल्यावरच बदलली त्यांच्यातही 7 टक्केच. इन्चार्ज सिस्टर म्हणतात सरांना विचारा, सर म्हणतात चाललंय ते चालू दे. पुढे कसं जायचं?

मिरज_आयसीयू:
राउंडला उभ्या उभ्या विचारलं की ‘चालू दे’ हेच ऐकायला मिळणार. अमेरिकेत 1991 मध्ये सँड्रा फंक आणि सहकाऱ्यांनी संशोधन वापरात आणताना नर्सेसना येणाऱ्या अडथळ्यांची प्रश्नावली केली. तेव्हापासून दोन उत्तरं सतत वरच्या क्रमांकात दिसतात: पद्धत बदलायचा अधिकार नाही आणि ड्युटीत वेळ नाही. म्हणून अधिकार कागदावर मागा. अर्ध्या पानात मराठीत लिहा, ‘100 पैकी 7, दोन्हीकडे’. पी-व्हॅल्यू वगैरे संख्याशास्त्र नको. त्याआधी दोन आठवडे आत्ताची मोजणी करा, दर 100 कॅन्युलांमागे किती साइट बिघडल्या. पेशंट मोजू नका, एकाच पेशंटच्या तीन कॅन्युला होतात आणि हिशेब फसतो. मग एका वॉर्डापुरती, एका महिन्याची परवानगी इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या सहीने घ्या. सहीशिवाय सुरू करू नका. पहिला हात लाल झाला की खापर सिस्टरवरच फुटतं.

कराड_ब्रदर:
सही ठीक, पण माझा आक्षेप वेगळा आहे. त्या अभ्यासात साइट रोज तपासली जात होती. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण टीचिंग हॉस्पिटलला 1:3 (एका नर्समागे 3 पेशंट), इतरत्र 1:5. नाइटला एक सिस्टर आणि 25 पेशंट असतील तर 72 तासांचा नियम म्हणजे न बघितलेल्या हाताला आधाराची काठी आहे. बघायची सोय न करता ती काढून घेऊ नका.

आधी टीपीआर (ताप, नाडी, श्वास) शीटवर ‘व्हीआयपी स्कोअर’चा, म्हणजे साइट बघून फ्लेबायटिसला द्यायच्या गुणांचा, रकाना आखा. दुखणं, लाली, सूज यांपैकी दोन दिसली की स्कोअर 2, कॅन्युला लगेच काढायची. मायक्रोपोरच्या चिकटपट्ट्या टोचल्या जागेवरच गुंडाळतात, मग दिसणार काय? पारदर्शक ड्रेसिंग लावा, त्यावर तारीख-वेळ लिहा. ऊसतोड करणाऱ्याच्या सावळ्या, राठ हातावर लाली दिसतच नाही. बोटांनी चाचपून बघा, गरम लागतं का, शीर दोरीसारखी कडक झाली का. आणि कॅज्युअल्टीत घाईत, स्वच्छता न पाळता टाकलेली कॅन्युला 48 तासांच्या आत बदलाच, तिला हा अभ्यास लावायचा नाही.

स्टाफनर्स_सांगली:
साइट किती वेळाने बघायची? वेगळा राउंड तर शक्यच नाही.

मिरज_आयसीयू:
वेगळा राउंड नकोच. शुद्धीवरच्या मोठ्या माणसाची दर 4 तासांनी, टीपीआर घेताना. बेशुद्ध पेशंटची दर 1-2 तासांनी, लहान मुलांची तासाला. शिवाय अँटिबायोटिक द्यायला हात धरताच, तेव्हा फ्लशच्या (सलाईन सोडून नळी धुण्याच्या) आधी बघा आणि विचारा, ‘आजी, इथं ठणकतंय का?’ 5 मिली सलाईन जोर न लावता गेलं पाहिजे. अडलं तर ढकलू नका, काढा. व्हॅन्कोमायसिन किंवा पोटॅशियम चालू असेल तर शीर लवकर चिडते, तिथं 4 तासांचीही वाट बघू नका.