अनुभव धागा: जुन्या जहाजाचे सोबती आणि कुलाब्यातील दुपारचे जेवण

डिसेंबर उजाडला की कुलाब्याच्या जुन्या उपाहारगृहांत दुपारच्या वेळी एक वेगळी मंडळी दिसू लागतात. सत्तरी ओलांडलेले, कडक इस्त्रीचे शर्ट घातलेले आणि बुटांना आजही नेमाने पॉलिश करणारे हे लोक लिओपोल्ड किंवा मोंडेगारमध्ये दोन-तीन टेबले जोडून बसतात, बिअर मागवतात आणि शेजारच्यांना भांडण जुंपल्याचा भास व्हावा इतक्या मोठ्याने बोलतात. 1971 च्या युद्धात 4 डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या नौकांनी कराचीवर क्षेपणास्त्रे डागली, त्या दिवसाच्या स्मरणार्थ नौदल दिन पाळला जातो. निवृत्त नौसैनिकांच्या भेटीगाठीही त्याच सुमारास ठरतात.

मी स्वतः नौदलात नव्हतो. माझे वडील ‘विक्रांत’च्या बॉयलर विभागात होते आणि त्यांना ठाण्याहून कुलाब्याला नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे असते, त्यामुळे टेबलाच्या टोकाला बसून ऐकण्याचा हक्क मला आपसूक मिळाला. ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. पायदळातल्या माणसाची पलटण तो निवृत्त झाल्यावरही असते, तिचे केंद्र असते, झेंडा असतो. जहाज मात्र संपते. ‘विक्रांत’ 1961 मध्ये बेलफास्टला नौदलात दाखल झाली, 31 जानेवारी 1997 रोजी निवृत्त झाली, मग काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि 2014 मध्ये विकली जाऊन मुंबईच्या दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग मोटारसायकलींत गेला. 2022 मध्ये कोचीला त्याच नावाची नवी नौका आली, तिचा वडिलांना अभिमान आहे. पण जिच्या पोटात त्यांची ऐन उमेदीची वर्षे गेली ती ही नव्हे. ज्या जागी परत जायचे तीच उरली नसल्यामुळे ही माणसे बंदराजवळच्या जुन्या बारमध्ये जमतात, असे मला वाटते. तेथे जहाज नाही, पण जहाजावरून सुट्टीला उतरल्यावर ज्या रस्त्याने जायचे तो रस्ता आहे.

वडिलांच्या टेबलावरील एक दृश्य सांगतो. बॉयलर आणि टर्बाइनच्या आवाजात उमेदीची वर्षे गेल्यामुळे त्यांच्यापैकी बहुतेकांना कमी ऐकू येते. 1871 पासून चालत आलेल्या लिओपोल्डमध्ये पर्यटकांचा एवढा कल्लोळ असतो की कानातले यंत्र निरुपयोगी ठरते. अशा वेळी ही माणसे हातवाऱ्यांवर येतात. बॉयलररूममध्ये तोंडाने सांगणे शक्य नसे, म्हणून झडप उघड, बंद कर, पाणी बघ, वर कळव या सगळ्यांच्या खुणा ठरलेल्या असत. त्याच खुणांनी आता वडील टेबलापलीकडल्या मित्राला ‘आणखी एक बाटली सांग’ असे कळवतात आणि तो अंगठा वर करतो. वेटर गोंधळून दोघांकडे पाहत राहतो. 1971 मध्ये ‘विक्रांत’च्या एका बॉयलरला तडा गेला होता आणि उरलेल्या तीन बॉयलरांवर, मर्यादित वेगाने, ती बंगालच्या उपसागरात लढली, हे पुस्तकांतही आहे, त्या तीन बॉयलरांपुढे कोण कोणत्या पाळीला उभे होते, हे मात्र याच टेबलावर कळते.

आपण अशा जेवणाला गेला असाल, मग ते सैन्यातले असो, नौदलातले असो की हवाई दलातले, तर जागा कोणती होती, काय खाल्ले, बिल कोणी दिले आणि कशाविषयी कोणीच बोलले नाही, हे जरूर लिहा.

निवृत्त चीफ आर्टिफिसर (नौदलातील वरिष्ठ तंत्रज्ञ), डोंबिवली

लिओपोल्ड आणि मोंडेगारविषयी आपण लिहिले ते वाचून हसू आले, कारण आमच्या नोकरीच्या काळात आम्ही खलाशी त्या दारांवरून फक्त चालत गेलो. 1949 च्या दारूबंदी कायद्याचा अंमल सत्तरच्या दशकात पुष्कळ सैल झाला होता, तरी परवान्याचा विषय निघत असे, आणि त्याहून मोठी अडचण खिशाची होती. नौदलाच्या कँटीनमध्ये जे मिळे ते स्वस्त आणि चोख, मग बाहेर पैसे कोण घालवणार? आज निवृत्तिवेतनाच्या जोरावर आम्ही मोंडेगारच्या भिंतीवरच्या मारिओ मिरांडांच्या चित्रांखाली बसतो, तेव्हा आमच्यातले निम्मे लोक त्या जागी म्हातारपणीच प्रथम गेलेले असतात. म्हणजे आम्ही जी आठवण जपतो ती काही अंशी त्या दाराबाहेरची आहे. समोरच्या रीगल सिनेमाला तिकीट काढून उरलेल्या पैशांत वडापाव खाणे, ही आमची खरी लिबर्टी, म्हणजे जहाजावरून मिळणारी सुट्टी, होती.

बिलाचा प्रश्न आमच्याकडे कधीच उद्भवत नाही. जहाजावर भांडार सांभाळणारा आमचा सोबती आजही आधी पैसे गोळा करतो, पावती देतो आणि दुसऱ्या दिवशी हिशेबाच्या कागदाचा फोटो सर्वांना पाठवतो. त्यात वेटरची बक्षिसी वेगळ्या रकान्यात असते. एकदा कोणी तरी त्याला गमतीने ऑडिट मागितले, तर त्याने मागील तीन वर्षांचे कागद टेबलावर मांडले.

निवृत्त नौदल अधिकारी, पुणे

अधिकाऱ्यांना कुलाब्यात यूएस क्लब (युनायटेड सर्व्हिसेस क्लब) आहे, समुद्राकाठी हिरवळ आहे, जेवण उत्तम आणि दरही माफक. तेव्हा गोंगाटाच्या बारमध्ये कशासाठी जायचे, असे मीही एके काळी विचारत असे. उत्तर सोपे आहे. जहाजावर अधिकाऱ्यांची वॉर्डरूम वेगळी आणि खलाशांच्या मेस वेगळ्या, आणि निवृत्तीनंतरही क्लबच्या दारात हा भेद सहजी पुसला जात नाही. माझ्या विभागातील चीफने मला नोकरीतली पहिली दोन वर्षे अक्षरशः शिकवले, पण त्यांच्याबरोबर एका टेबलावर बसून जेवण्याचा योग आला तो अशा बारमध्येच. ते अजूनही मला ‘साहेब’ म्हणतात आणि मी त्यांना ‘चीफ’ म्हणतो, त्यात कोणालाही बदल नको आहे. मात्र ताटातले पापलेट कोणाच्या वाट्याला मोठे आले यावरून ते माझ्याशी बिनदिक्कत वाद घालतात.

‘विराट’च्या पहिल्या भारतीय ताफ्यातील नौसैनिक, सध्या मुक्काम लेकीकडे, इंग्लंड

जहाज संपते हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, पण आमच्या जहाजाचे सोबती दोन देशांत विखुरलेले आहेत, म्हणून हा वेगळा अनुभव लिहितो. ‘विराट’ ही मूळची ब्रिटिशांची ‘हर्मीस’. 1959 मध्ये त्यांच्या नौदलात आली, 1982 च्या फॉकलंड युद्धात त्यांच्या ताफ्याची ध्वजनौका होती. भारताने ती घेतल्यावर इंग्लंडमधील प्लिमथच्या डेव्हनपोर्ट गोदीत तिची दुरुस्ती झाली आणि 12 मे 1987 रोजी तेथेच ती आपल्या नौदलात दाखल झाली. त्या काळात आम्ही प्लिमथमध्ये राहिलो. थंडी, पाऊस, उकडलेल्या भाज्या, आणि रविवारी बार्बिकन या तेथील जुन्या बंदरभागाच्या अरुंद गल्ल्यांतून निरुद्देश फिरणे.

अलीकडे लेकीने तेथे नेले आणि ‘हर्मीस’च्या काही जुन्या ब्रिटिश खलाशांशी ओळख झाली. बार्बिकनमध्ये ‘डॉल्फिन’ नावाचे फार जुने पब आहे. संघटना बांधली म्हणून हद्दपार झालेले आणि 1838 मध्ये शिक्षा माफ होऊन ऑस्ट्रेलियाहून परतलेले टॉलपडलचे शेतमजूर तेथे उतरले होते, तशी पाटीही आहे. जवळच ‘मेफ्लॉवर’ जहाज 1620 मध्ये जेथून अमेरिकेला निघाले तो धक्का. जेवण आम्ही दुसरीकडे घेतले, भाजलेले मांस, यॉर्कशायर पुडिंग आणि वर ओतलेली ग्रेव्ही, आणि मग ‘डॉल्फिन’मध्ये पिंपातून थेट ग्लासात काढलेली बिअर घेत बसलो.

मला वाटले होते की फॉकलंडच्या गोष्टी ऐकायला मिळतील. प्रत्यक्षात आमचा पहिला अर्धा तास झुरळांवर गेला. त्यांनी विचारले, झुरळे गेली का? मी म्हटले, नाही, तुम्ही आमच्या हवाली केली ती आम्ही तीस वर्षे सांभाळली. मग एकाने कागदी रुमालावर खालच्या डेकचा नकाशा काढला, एका जिन्याचे वळण चुकले होते ते मी दुरुस्त केले, आणि त्या वळणावर डोके आपटलेल्या दोन्ही देशांच्या माणसांची मोजदाद सुरू झाली. त्यांच्यातील सर्वांत वयस्कर गृहस्थांनी रोजच्या रमची हकिगत सांगितली: ब्रिटिश नौदलात रोज मिळणारी रम 31 जुलै 1970 रोजी कायमची बंद झाली, आणि त्या दिवशी अनेक जहाजांवर दंडाला काळ्या फिती बांधून लोकांनी शेवटचा घोट घेतला. हे सांगताना ते जितके हळहळले तितके स्वतःच्या जखमेविषयी सांगताना हळहळले नाहीत.

2020 मध्ये ‘विराट’ मुंबईहून अलंगला तोडण्यासाठी गेली, तेव्हा तिचा प्रवास त्यांनीही तिकडे बसून पाहिला होता. तो विषय निघाला आणि कोणी तरी लगेच दुसरी फेरी मागवली. त्यावर पुढे कोणीच बोलले नाही.

निवृत्त सुभेदार, मराठा लाइट इन्फंट्री, गडहिंग्लज तालुका

नौदलाच्या मंडळींविषयी आदर ठेवून सांगतो की आम्हाला बारची गरज भासत नाही. आमच्या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण 1768 सालची, आणि केंद्र बेळगावला. सिंहगडाच्या लढाईच्या स्मरणार्थ 4 फेब्रुवारीला आमचा दिवस असतो. ज्या मैदानावर रिक्रूट असताना उस्तादांनी घाम काढला, त्याच मैदानावर आजचे रिक्रूट धावताना पाहता येतात. बडा खाना असतो, अधिकारी स्वतः वाढतात, आणि एखादा तरुण जवान येऊन ‘साहेब, आपण कोणत्या कंपनीत होता?’ असे विचारतो, तेव्हा आणखी काय हवे?

मात्र धागाकर्त्यांच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडतो. आमच्या पंचक्रोशीत घरटी एक फौजी आहे, आणि आमचे दुपारचे जेवण एखाद्याच्या मळ्यात, चुलीवरचे मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा असे होते. रम कँटीनच्या कार्डावरची. तेथे निरनिराळ्या पलटणींचे लोक येतात आणि आपलीच पलटण कशी सरस यावर तास-दीड तास खर्च होतो. एकाच पलटणीचे लोक जमले की हा वाद होऊ शकत नाही, आणि वादाशिवाय मटण रुचत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

नौसैनिकाची पत्नी, नेव्ही नगरमध्ये अनेक वर्षे वास्तव्य

या जेवणांना बायका कंटाळतात असे गृहीत धरले जाते. अंशतः ते खरे आहे, कारण तेच वादळ आणि तोच कडक कमांडर किती वेळा ऐकायचा? पण आमचेही एक टेबल असते. नवरे सहा-सहा महिने समुद्रावर असताना आजारी मुलांना रुग्णालयात कोणी नेले, कोणाच्या प्रसूतीच्या वेळी शेजारीण रात्रभर थांबली, कोणाच्या सासूला अर्धांगवायू झाल्याची तार कोणी लपवून ठेवली, हा इतिहास आमच्याकडे आहे. पुरुषांना तो माहीत नाही, कारण ते तेथे नव्हते. दूरध्वनी क्रमांकांची यादीही आम्हीच अद्ययावत ठेवतो, आणि ज्यांचे पती आता नाहीत त्यांना आवर्जून बोलावतो. पहिल्या वर्षी त्या येत नाहीत. दुसऱ्या वर्षी बहुधा येतात, आणि आमच्या टेबलावर बसण्याऐवजी नवऱ्याच्या मित्रांमध्ये जाऊन बसतात. ते योग्यच आहे.

नौदल हवाई शाखेतील माजी तंत्रज्ञ, वास्को

आमचे दैव जरा बरे. ज्या ‘सी हॉक’ विमानांची देखभाल माझ्या वरिष्ठांनी केली त्यांपैकी एक बोगमाळो रस्त्यावरील नौदल विमान संग्रहालयात उभे आहे, त्यामुळे आम्ही सकाळी तेथे जातो, पंखांखाली वाकून उगाच तपासणी करतो आणि मग जवळच्या एका साध्या तावेर्नात माशाची कढी, भात आणि आंबट-तीख (माशाचे आंबट-तिखट कालवण) खातो. एप्रिलमध्ये जमलो तर उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची हंगामी दारू, मिळते. म्हणून आमचा मेळावा डिसेंबरमध्ये नसतो, याचे कारण आता सर्वांच्या लक्षात आले असेल.

धागाकर्ता

चीफसाहेबांचे ‘दाराबाहेरची आठवण’ हे म्हणणे मी वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी मान्य केले. लिओपोल्डमध्ये तेही निवृत्तीनंतरच प्रथम गेले. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यातील गोळ्यांच्या खुणा तेथे तशाच ठेवल्या आहेत, हे त्यांना आवडते, मात्र त्या खुणांसमोर उभे राहून छायाचित्र काढायला त्यांनी ठाम नकार दिलेला आहे.

काहींनी व्यवहाराचे विचारले आहे. नौदल दिनाच्या दिवशी कुलाब्यात वाहन उभे करायला जागा मिळणे कठीण, म्हणून आदला किंवा नंतरचा मंगळवार-बुधवार बरा. बाराच्या आत पोहोचल्यास टेबले जोडून मिळतात. जिना चढावा लागणारी जागा टाळावी, आणि ज्यांना कमी ऐकू येते त्यांना भिंतीकडे पाठ करून बसवावे, म्हणजे समोरच्याचे हात दिसतात.