दुसऱ्यांदा ट्रान्सप्लांट: करावा की थांबावं?

निशिगंध:
धाकट्या भावाला एएमएल, म्हणजे वेगाने वाढणारा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर). पहिल्या बीएमटीला (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) डोनर मीच होते, अर्ध्या जुळणीची. सव्वा वर्ष काउंट छान होते, मग साध्या तपासणीत पुन्हा ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरच्या अपक्व पेशी, दिसल्या. एक डॉक्टर म्हणतात दुसरा ट्रान्सप्लांट करू, दुसरे म्हणतात शरीराला झेपणार नाही. माझं मत स्पष्ट आहे: बरं व्हायची शक्यता असेल तर दार बंद करू नये. इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेने २०१६ साली रिलॅप्स झालेल्यांच्या (आजार उलटलेल्यांच्या) दुसऱ्या ट्रान्सप्लांटचा खर्च सरसकट उचलायला नकार दिला होता. रुग्ण आणि डॉक्टर दोघेही पेटून उठले, तेव्हा २०१७ मध्ये तो निर्णय बदलला. तसं भांडायलाच हवं.

अबोल:
मला हे पटत नाही. माझ्या नवऱ्याला पहिल्या ट्रान्सप्लांटनंतर पाचव्या महिन्यात रिलॅप्स झाला आणि आम्ही लगेच दुसरा केला. तोंड इतकं आलं होतं की पाण्याचा घोट गिळवत नव्हता. बोलायचं ते वहीत लिहायचे. शेवटच्या पानावर 'खिडकी उघड' एवढंच आहे. आयसोलेशनच्या खोलीची खिडकी उघडत नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी गेले, तेही कॅन्सरने नाही, जंतुसंसर्गाने. इतक्या लवकर उलटलेल्या आजारात दुसऱ्या ट्रान्सप्लांटचा उपयोग फार थोड्यांना होतो, हे सही करताना कुणी सांगितलं नाही. ते दिवस मुलांजवळ गेले असते.

निशिगंध:
वाचून गलबलून आलं, ताई. पण पाच महिने आणि सव्वा वर्ष यात फरक नाही का?

रातपाळी:
आहे, आणि मोठा आहे. मी बरीच वर्षं बीएमटी वॉर्डात नर्स आहे. पहिल्या ट्रान्सप्लांटनंतर आजार किती काळ शांत होता आणि दुसऱ्याच्या आधी रिमिशन (कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा होणं) मिळालं का, या दोन गोष्टींवर बरंच ठरतं. वय आणि जीव्हीएचडीचा त्रास (डोनरच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करतात तो) त्यानंतर. मायलोमा या वेगळ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये रुग्णाच्या स्वतःच्याच साठवलेल्या पेशी दुसऱ्यांदा देतात, त्याची गल्लत इथे नको.

निशिगंध, तुमच्या बाबतीत आणखी एक. अर्ध्या जुळणीत डोनरच्या पेशी रुग्णाच्या न जुळणाऱ्या एचएलएवरून (पेशींवरच्या ओळखखुणांवरून) ल्युकेमिया ओळखतात. काही वेळा ल्युकेमियाच्या पेशी नेमका तोच भाग टाकून देतात आणि लपतात. २००९ पासून हे माहीत आहे. तसं झालं असेल तर तुमच्या लिम्फोसाइट (आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पुन्हा देऊन फारसं काही होणार नाही, वेगळ्या जुळणीचा डोनर शोधावा लागेल. ही तपासणी आधी मागून घ्या. ल्युकेमियाच्या पेशींत एफएलटी३ या जनुकाचं म्युटेशन (बदल) असेल तर रिमिशनसाठी गोळ्याही आहेत.

अबोल:
तपासणी जरूर करा. पण वेदनाशमन पाहणाऱ्या डॉक्टरांशीही सही करण्याआधी बोला, नंतर नाही. आणि भावाला एकट्याला विचारा. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघून होकार दिला होता. हे मला वही वाचताना कळलं.

निशिगंध:
काल खोलीबाहेर सगळ्यांना बसवून त्याच्याशी बोलले. म्हणाला, केमो घेतो, तपासणी करू, पण रिमिशन आलं नाही तर पुन्हा त्या खोलीत जाणार नाही. मी हो म्हटलं. मनातून अजून पटलेलं नाही.